आधी त्यांची फाईल तरी उघडा

द्रौपदी मुर्मू यांचं नाव जाहीर झालं ते 21 जून 2022 च्या रात्री. महाराष्ट्रात तेव्हा राष्ट्रपती भवनाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. आदल्या रात्री विधान परिषदेचा निकाल लागता लागता एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेकडे निघाले होते आणि आपल्या वाहिन्यांचे कॅमेरे तिथल्या हॉटेलच्या फाटकाशी खिळले होते. त्यामुळे या उमेदवारीवर आपल्याकडे वाद उशिरा सुरू झाला. पण झाला तेव्हा दोन ठरीव वाक्यांतच झाला. एका गोटाचं वाक्य असं की ही सगळी प्रतीकबाजी आहे, बाई रबरी शिक्का ठरणार. दुसऱ्या गोटाचं असं की ज्यांना हे नाव मान्य नाही ते आदिवासींच्या मुळावर उठलेत. निवडणूक झाली, शपथविधी झाला, वर्षं गेली, तरी राष्ट्रपतींचा विषय निघाला की आजही हीच दोन वाक्यं समोरासमोर येऊन उभी राहतात.

दोन्ही वाक्यं खोटी आहेत. पहिलं जास्त, कारण ते बोलणारे एरवी पुरावा मागणारे लोक आहेत. म्हणून आधी त्यांचा समाचार.

तेजस्वी यादव म्हणाले की राष्ट्रपती भवनात आम्हाला मूर्ती नको. विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हा प्रचारभर शिक्क्याची भाषा करत राहिले. काँग्रेसचे अजय कुमार त्याही पुढे गेले: मुर्मू ज्या विचारधारेच्या प्रतिनिधी आहेत ती दुष्ट आहे, त्यांना आदिवासींचं प्रतीक मानू नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. विचारधारेवर टीका करायला कुणाची हरकत नाही. मुर्मू भाजपच्या आहेत आणि भाजपच्या विचारांना विरोध असणाऱ्याने त्यांच्या विरोधात मत द्यावं, हे सरळ राजकारण झालं. पण मूर्ती आणि शिक्का हे शब्द विचारधारेबद्दलचे नाहीत. ते माणसाबद्दलचे आहेत. या बाईला स्वतःचं डोकं नाही, असा त्यांचा रोकडा अर्थ होतो. आणि असं विधान करायचं तर ज्याच्याबद्दल करायचं त्याचं आधीचं काम उघडून पाहावं लागतं.

2012 मध्ये प्रणब मुखर्जी उभे राहिले तेव्हा ते शिक्का ठरतील का, हा प्रश्न इतक्या जोरात कुणी विचारला होता? जन्मभर एका पक्षात राहिलेले (मधली काही वर्षं स्वतःचा पक्ष काढून परत आलेले), त्या पक्षाच्या सरकारात थेट अर्थमंत्रीपदावरून निघालेले गृहस्थ होते ते. त्यांच्याबद्दल चर्चा झाली ती घटनेच्या अभ्यासाची आणि अफाट स्मरणशक्तीची. रायरंगपूरहून आलेल्या संताळ बाईबद्दल मात्र अभ्यास, अनुभव, स्मरणशक्ती यांपैकी काहीही विचारावंसं वाटलं नाही. आधी नगरपंचायतीत नगरसेवक, मग दोनदा आमदार, ओडिशात राज्यमंत्री, 2007 मध्ये उत्कृष्ट आमदाराचा नीलकंठ पुरस्कार, त्यानंतर सहा वर्षं झारखंडच्या राज्यपाल. यातली एक तरी गोष्ट कुणी तपासली का? त्याऐवजी रायरंगपूरच्या शिवमंदिराच्या आवारात त्या केरसुणीने झाडताहेत, हे चित्रण देशभर फिरलं. एका गोटाला त्यात साधेपणाचा साक्षात्कार झाला, दुसऱ्याला कॅमेऱ्यापुढचा देखावा दिसला. दोन दिवस केरसुणीवर चर्चा करून मंडळी मोकळी झाली.

केरसुणीवरून झैलसिंग आठवतात. इंदिराबाईंनी सांगितलं तर आपण झाडूही मारू, असं ते बोलल्याचं 1982 मध्ये सगळीकडे छापून आलं होतं आणि त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल झाली होती. पुढे हेच झैलसिंग राजीव गांधींच्या सरकारचं टपाल विधेयक उशाशी घेऊन बसले. नागरिकांची पत्रं फोडण्याचा अधिकार सरकारला देणारं ते विधेयक त्यांनी सही न करता, परतही न पाठवता तसंच पडू दिलं. नेमणुकीच्या दिवशीची निष्ठा पाहून पुढच्या पाच वर्षांचं भाकीत करणाऱ्यांनी हे एक प्रकरण तरी वाचायला हवं होतं.

शिक्का ही या पदाचीच व्याधी आहे, हेही ध्यानात घेतलं जात नाही. 25 जून 1975 च्या रात्री फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झालेली नव्हती. पुढच्याच वर्षी 42 व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर पुरता बंधनकारक केला. 1978 मध्ये 44 व्या दुरुस्तीने एवढीच फट ठेवली की सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला तर मानावा लागतो. विधेयकांचंही तेच, कलम 111. म्हणजे राष्ट्रपतीची पारख करायची जागा ठरलेली आहे: ती फट कोण वापरतं, कधी वापरतं आणि कशासाठी वापरतं. के. आर. नारायणन यांनी ती वापरली. 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी गुजराल सरकारला परत केली, 1998 मध्ये बिहारची वाजपेयी सरकारला. दोन्ही वेळा सरकारं नमली. हेच नारायणन निवडून आले तेव्हा त्यांची ओळख सांगितली जात होती ती पहिले दलित राष्ट्रपती एवढीच.

आता मुर्मूंची फाईल उघडू. 2016 च्या नोव्हेंबरात रघुवर दास यांच्या भाजप सरकारने झारखंड विधानसभेत गोंधळातच दोन दुरुस्ती विधेयकं मंजूर करून घेतली. एक छोटानागपूर कूळ कायद्यातली, दुसरं संताळ परगणा कूळ कायद्यातली. हे साधे महसुली कायदे नव्हेत. छोटानागपूरचा कायदा 1908 चा. बिरसा मुंडांच्या उलगुलानानंतर इंग्रजांना तो करणं भाग पडलं. संताळ परगण्याचा 1949 चा असला तरी त्यामागची कहाणी 1855 च्या हूलपर्यंत, म्हणजे सिदो-कान्हूंच्या उठावापर्यंत जाते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या घशात जाऊ नये, हा दोन्ही कायद्यांचा प्राण. दास सरकारच्या दुरुस्तीने शेतजमिनीचा वापर बिगरशेती कामाला करायची मुभा दिली. सरकार म्हणत होतं, आदिवासीला स्वतःच्या जमिनीवर दुकान काढता येईल, हॉटेल बांधता येईल, मालकी त्याचीच राहील. गावांतले लोक म्हणत होते, जमीन एकदा शेतीची राहिली नाही की ती कुणाच्या ताब्यात जाते ते आम्ही तीन पिढ्या पाहिलंय. राज्यभर मोर्चे निघाले. खुद्द भाजपमधले अर्जुन मुंडांसारखे आदिवासी नेते कुरबुरू लागले.

विधेयकं सहीसाठी राजभवनात गेली. तिथे ज्या बाई बसल्या होत्या त्या भाजपच्याच, नेमणूक मोदी सरकारची, राज्यात सरकार भाजपचं, केंद्रातही भाजपचं. शिक्का उमटायला याहून अनुकूल परिस्थिती कल्पनेतही आणता येणार नाही. मुर्मूंनी 2017 मध्ये दोन्ही विधेयकं सही न करता परत पाठवली. या बदलांनी आदिवासींचा नेमका फायदा काय होणार, हे सरकारने स्पष्ट करावं, असा त्यांचा सवाल होता. सरकारला तो फायदा सांगता आला नाही आणि त्याने विधेयकं मागे घेतली.

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: रस्त्यावर दबाव होता, पक्षातही दबाव होता, त्यांना दुसरा मार्गच नव्हता. असेलही. मग लोकांच्या दबावापुढे नमणाऱ्या पदाधिकाऱ्याला शिक्का म्हणतात का? शिक्क्याला मोर्चे ऐकू येत नाहीत. राज्यपालपदाचा आपल्याकडचा अलीकडचा इतिहास पाहा. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या बारा नावांची यादी राजभवनात किती काळ पडून होती ते आठवा, आणि मग सांगा की स्वतःच्याच पक्षाच्या सरकारचं विधेयक मुद्द्यावर परत पाठवणारे राज्यपाल आपण किती पाहिले.

मुर्मूंच्या पंचवीस वर्षांच्या राजकारणातली ही सगळ्यात वजनदार गोष्ट. ती प्रचारात कुणी डोक्यावर घेतली नाही, कारण ती कुणाच्याच सोयीची नव्हती. विरोधकांनी सांगितली तर शिक्क्याचं वाक्य मोडून पडतं. भाजपने मोठ्याने सांगितली तर पुढचा प्रश्न येतो: परत कुणाचं विधेयक पाठवलं होतं म्हणे? म्हणून एकाने मूर्ती पकडली, दुसऱ्याने केरसुणी.

त्या फाईलमध्ये त्यांच्या बाजूने जाणारंच सगळं आहे असंही नाही. 2017 मध्येच झारखंडचा धर्मांतरविरोधी कायदा आला. त्यावर त्यांनी सही केली. तशाच धाटणीचं विधेयक 2006 मध्ये राजस्थानात वसुंधरा राजे सरकारने आणलं, तेव्हा तिथल्या राज्यपालांनी ते सही न करता परत पाठवलं होतं. त्या राज्यपाल म्हणजे आपल्या प्रतिभाताई पाटील. दोन महिला राज्यपाल, पुढे दोघीही राष्ट्रपती, एकाच जातीचं विधेयक आणि दोन उलट निर्णय. यावर खरा वाद घालता आला असता: राज्यपालाने विधेयक कोणत्या कसोटीवर अडवावं, जमिनीला एक न्याय आणि श्रद्धेला दुसरा का? खुंटी जिल्ह्यात पत्थलगडीच्या आंदोलनात गावकऱ्यांवर राजद्रोहाचे गुन्हे घातले गेले तेही मुर्मू राजभवनात असतानाच. 2019 च्या डिसेंबरात हेमंत सोरेन यांचं सरकार आलं आणि त्याने ते मागे घ्यायचं ठरवलं. पाचव्या अनुसूचीने राज्यपालाला जे खास अधिकार दिलेत ते तेव्हा कुठे होते, हा प्रश्न उमेदवाराला विचारायलाच हवा होता. त्यासाठी मूर्ती म्हणायची गरज नव्हती. वाचायची गरज होती.

आता दुसरं वाक्य. विरोध केला की अपमान झाला.

हे वाक्य ऐकलं की मला 2007 चा जून आठवतो, कारण तेव्हा ते दुसऱ्या तोंडातून ऐकलं होतं. प्रतिभाताईंचं नाव जाहीर झालं आणि भाजप तुटून पडला. घराण्याशी निष्ठा एवढीच पात्रता, आज्ञाधारक राष्ट्रपती, वगैरे. त्याबरोबर काही सरळ हिशेबाचे प्रश्नही होते. जळगावात त्यांच्या नावाने निघालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये रद्द केला होता आणि त्याबद्दल विचारणं रास्त होतं. काँग्रेसवाल्यांकडून उत्तर काय आलं? देशाला पहिली महिला राष्ट्रपती मिळतेय आणि तुम्ही चिखलफेक करताय. 1962 पासून विधानसभेत, मग मंत्री, विरोधी पक्षनेत्या, राज्यसभेच्या उपसभापती, खासदार, राज्यपाल, अशी कारकीर्द असलेल्या बाईच्या समर्थकांना तिचं काम पुढे करावंसं वाटलं नाही. तिचं बाईपण पुढे केलं की भागत होतं. पंधरा वर्षांनी दोन्ही पक्षांनी संवाद अदलाबदल करून घेतले. शिक्का म्हणणारे अपमान म्हणू लागले, अपमान म्हणणारे शिक्का. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि 2012? तेव्हा पी. ए. संगमा उभे होते. मेघालयातले गारो आदिवासी, लोकसभेचे माजी अध्यक्ष. देशाला एकदा तरी आदिवासी राष्ट्रपती मिळावा, हाच त्यांचा प्रचार. 1999 मध्ये शरद पवारांबरोबर ज्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली त्यांतले ते एक. त्या पक्षाने पाठिंबा दिला नाही म्हणून ते पक्षातून बाहेर पडले. काँग्रेस आणि राष्ट्रवादीने मुखर्जींना मतं दिली. संगमा हरले. आदिवासींचा अपमान झाल्याची ओरड त्या वेळी काँग्रेसच्या कानावर आली नसावी. शिवसेना रालोआत असूनही मुखर्जींबरोबर गेली. दहा वर्षांनी, 12 जुलै 2022 ला, पक्ष फुटलेला असताना आणि खासदार दारात उभे असताना उद्धव ठाकरे यांनी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला आणि कारण दिलं पक्षातल्या आदिवासी कार्यकर्त्यांच्या आग्रहाचं. संगमांच्या वेळी हे कार्यकर्ते पक्षात नव्हते की त्यांचा आग्रह नव्हता, ते कळायला मार्ग नाही. शिवसेनेचं या बाबतीतलं रेकॉर्ड मुळातच गमतीचं आहे. 1997 मध्ये जवळजवळ सगळा देश नारायणन यांच्या मागे असताना सेनेने टी. एन. शेषन यांना पाठिंबा दिला होता. त्यावरून भाजपने मुंबईतली युती काही मोडली नाही. दलितांचा अपमान तेव्हा युतीपेक्षा हलका भरला असणार.

2017 मध्ये तर दोन्ही बाजूंनी दलित उमेदवार दिला, रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार. कुणी कुणाचा अपमान करायचा ते कळेना, आणि तो वाद बिचारा उभाच राहिला नाही.

ज्यांनी यशवंत सिन्हांना मत दिलं ते आदिवासीविरोधी, हे विधान सरळ हिशेबातही टिकत नाही. सिन्हांना तीन लाख ऐंशी हजारांवर मतमूल्य मिळालं. त्यांना मत देणाऱ्यांत आदिवासी आमदारही होते. उलट मुर्मूंना मत देणाऱ्या सगळ्यांना आदिवासींचा कळवळा होता म्हणावं, तर त्यांच्या उपरबेडा गावाची डुंगुरसाही वाडी पाहावी लागते. नाव जाहीर झालं तेव्हा तिथे वीज नव्हती. आमदार झालेल्या, मंत्री झालेल्या, राज्यपाल झालेल्या बाईच्या माहेरगावची वाडी 2022 च्या जूनपर्यंत अंधारात. उमेदवारी आली आणि काही दिवसांत खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर घेऊन गाड्या हजर. ओडिशात तेव्हा नवीन पटनाईक बावीस वर्षं मुख्यमंत्री होते आणि ओडिशाची कन्या म्हणून त्यांनी मुर्मूंना लगेच पाठिंबा दिला होता. सुरुवातीची काही वर्षं भाजपही त्यांच्याबरोबर सत्तेत होता. ज्यांना प्रतीक म्हणजे निव्वळ हवा वाटते त्यांनी या वाडीतल्या बायकांना विचारावं; त्यांच्या घरात दिवा त्या प्रतीकानेच लावला. आणि ज्यांनी तो दिवा दाखवून टाळ्या घेतल्या त्यांनी आधीच्या अंधाराचा हिशेब द्यावा.

अपमानाच्या ढालीचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला शपथविधीनंतर तीन दिवसांनी. काँग्रेसचे अधीर रंजन चौधरी यांनी राष्ट्रपतींचा उल्लेख भलत्याच शब्दाने केला. जीभ घसरली, बांगला बोलणाऱ्याची हिंदी, असं ते म्हणाले आणि लेखी माफीही मागितली. शब्द गलिच्छच होता, माफी मागायलाच हवी होती. पण 28 जुलैला लोकसभा त्यावरून बंद पडली, सोनिया गांधींनी माफी मागावी म्हणून मंत्री घसा ताणत राहिले. याच्या बरोबर महिनाभर आधी, 28 जूनला, मुर्मूंचा प्रचार ऐन भरात असताना, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नवे वनसंवर्धन नियम काढले होते. जंगलाची जमीन प्रकल्पाला द्यायची तर आधी वनहक्कांचा निपटारा आणि ग्रामसभेची संमती, हा जो क्रम होता तो या नियमांनी ढिला केला. केंद्र आधी मंजुरी देणार, ग्रामसभेचं राज्याने मागाहून बघायचं. मेंढा-लेखापासून पुढे गडचिरोलीच्या गावांनी ज्या सामूहिक वनहक्कासाठी वर्षानुवर्षं कागद रंगवले, त्याच्याच मुळाला हात घालणारी ही गोष्ट. काँग्रेसने पत्रकं काढली, जयराम रमेश बोलले. सरकारचं म्हणणं की हक्कांना कुठेच बाधा नाही. पण केंद्राच्याच अनुसूचित जमाती आयोगाचे अध्यक्ष हर्ष चौहान यांनी या नियमांना आक्षेप घेतला, आणि 2023 मध्ये मुदत संपायच्या आधीच पद सोडलं. आदिवासींच्या सन्मानासाठी लोकसभा ज्यांनी डोक्यावर घेतली त्यांना चौहान यांचा आक्षेप ऐकायला वेळ मिळाला नाही.

त्यानंतर वनसंवर्धन कायद्यातलीच दुरुस्ती आली. सरहद्दीपासून शंभर किलोमीटरच्या आतले सामरिक रस्ते आणि तत्सम प्रकल्प, नक्षलग्रस्त जिल्ह्यांतली पाच हेक्टरपर्यंतची कामं, असं बरंच काही जुन्या कायद्याच्या कक्षेबाहेर गेलं. नोंद नसलेल्या जंगलांना 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिळालेलं संरक्षणही त्याने पातळ केलं. संसदेने ते विधेयक 2 ऑगस्ट 2023 ला मंजूर केलं आणि 4 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. मधे एक दिवस.

2017 मध्ये रांचीच्या राजभवनात बसून ज्यांनी विचारलं होतं की यात आदिवासींचा फायदा काय, त्यांना हाच प्रश्न दिल्लीत विचारायची पूर्ण मुभा कलम 111 ने दिली होती. अब्दुल कलामांनी 2006 मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक असंच परत पाठवलं होतं. ते पुन्हा मंजूर होऊन आलं, त्यांनी सही केली, सरकार पडलं नाही आणि घटनाही मोडली नाही. मुर्मूंनी तो प्रश्न विचारला नाही. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती मोठी ठरते ती झारखंडच्या त्या दोन विधेयकांमुळेच. त्यांना जमिनीचा प्रश्न कळत नव्हता असं म्हणायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही. आता यात मूर्ती कुठे आली आणि आदिवासींचा अपमान कुठे झाला, ते दोन्ही गोटांपैकी कुणीही मला दाखवून द्यावं.